प्रापंचिकाच्या हातून कम्युनियन चालतं का?

वसईची पोर:
आमची मम्मी प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेली साधी ख्रिस्ती बाई. आमच्या फादरांनी तिला आजाऱ्यांना घरी कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, न्यायला नेमलंय, ट्रेनिंग पण झालं तिचं. पण परवा एक आजोबा म्हणाले फादर आले तरच घेईन. टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती सगळं मांडलेलं आणि मम्मी कम्युनियनची डबी घेऊन तशीच परत आली, खूप वाईट वाटलं तिला. नियम नक्की काय आहे?

बावखल:
नियम क्लिअर आहे ताई. 1973 पासून रोमची परवानगी आहे, धर्मगुरू कमी पडत असतील तर नेमलेला प्रापंचिक, बाई असो वा पुरुष, कम्युनियन देऊ शकतो. ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) तोच, हात कुणाचाही असो. फक्त पापनिवेदन आणि आजाऱ्यांचा अभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) फादरच देणार, म्हणून अधूनमधून त्यांनाही बोलवत जा.

दर्याकाठ:
सहमत, पण मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो निर्णयांचा. वाचन, गायन, धर्मशिक्षण सगळं आपण प्रापंचिक करतो, 2021 मध्ये पोप फ्रान्सिसनी वाचक (मिस्सात बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक (वेदीवर फादरांना मदत करणारे) ही पदं बायकांनाही अधिकृतपणे खुली केली, पण पॅरिश कौन्सिलचं (धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या लोकांच्या मंडळाचं) मत अजून फक्त सल्लाच. फायनान्स कौन्सिल मात्र चर्चच्या कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात लागतेच, तिथे हिशेब कळणारी माणसं बसवा आणि बायकाही बसवा!

वसईची पोर:
थँक्यू दोघांना. फादरांना विचारते, आजोबांकडे पहिल्यांदा मम्मीसोबत स्वतः याल का म्हणून.