प्रतिसाद: तांबडी सुर्ला शेवटी नको, आधी घ्या

ज्येष्ठांसह पन्नास जणांच्या गोव्यातल्या देवळांच्या सहलीत मंगेशी आणि कवळ्याची शांतादुर्गा ही देवळं उरकून दुपारी चारनंतर तांबडी सुर्ल्याला निघायचं वर ठरतंय, ते उलटं करा बुवा. तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पूर्वाभिमुख, त्यामुळे सकाळच्या उन्हात बघण्यात मजा. कदंब राजांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं. मंडपातला नंदी बिनडोक्याचा, पण छतात कोरलेलं कमळ मान वर करून बघाच. बरेच जण नंदीबरोबर फोटो काढून निघतात. भोवती भगवान महावीर अभयारण्य, खाली नदी. पावसाळ्यात जळवा असतात, ज्येष्ठांना बूट घालायला सांगा. महाशिवरात्रीला मात्र पन्नास माणसं नेऊ नका, गर्दीत दर्शन कसलं! बाकी दोन्ही देवळं फोंडा तालुक्यातच, परतताना आरामात होतात.