अमेरिकन फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर (खेळाडू निवडून संघ बांधणारा अधिकारी) निवडताना उमेदवारात नेमके काय पाहावे?

मिशिगनकर
पंचवीस वर्षे डेट्रॉइटजवळ राहिल्यामुळे तिथल्या लायन्स संघाचे अगदी वाईट आणि बरेच चांगले, असे दोन्ही दिवस मी पाहिले आहेत. २००१ मध्ये मालकांनी संघाची सूत्रे मॅट मिलन यांच्याकडे दिली. ते नावाजलेले माजी खेळाडू व समालोचक होते, पण संघ बांधण्याचा अनुभव त्यांना नव्हता. २००३ ते २००५ या तिन्ही ड्राफ्टमध्ये (महाविद्यालयीन खेळाडूंच्या दरवर्षीच्या फेरीनिहाय निवडीत) त्यांनी पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हरच, म्हणजे पुढे धावून पास झेलणारा खेळाडूच, घेतला आणि ज्या २००८ च्या हंगामात त्यांना काढले, त्यात संघ सोळाही सामने हरला. उलट २०२१ मध्ये आलेले ब्रॅड होम्स रॅम्स संघात इंटर्नपासून महाविद्यालयीन स्काउटिंगच्या (खेळाडू हेरण्याच्या) प्रमुखपदापर्यंत चढले होते आणि त्यांनी पहिल्याच वर्षी पेनेई स्यूएल व चौथ्या फेरीत अमॉन-रा सेंट ब्राउन हे खेळाडू मिळवले. यावरून अनुभव हीच कसोटी म्हणावी, तर २०१७ मध्ये थेट समालोचनातून जनरल मॅनेजर झालेल्या जॉन लिंच यांच्या कारकिर्दीत फोर्टीनाइनर्स संघ दोनदा सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, पोहोचला. मग मुलाखतीत पाहायचे तरी काय?

चौथा डाउन
लिंच यांना काइल शॅनाहन यांच्यासारखा प्रशिक्षक त्याच वेळी मिळाला आणि दोघांनाही सहा वर्षांचे करार मिळाले, हे विसरू नये. एवढी उसंत फार थोड्यांना मिळते. त्यांच्या पहिल्या ड्राफ्टमधील पहिल्या फेरीचे दोन्ही खेळाडू, सॉलोमन थॉमस आणि रूबेन फॉस्टर, संघात टिकले नाहीत, तर पाचव्या फेरीतला जॉर्ज किटल संघाचा आधार झाला.

मी मुलाखत घेत असतो, तर अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर मिळून पुढे चमकलेल्या ब्रॉक पर्डीबद्दल विचारलेच नसते, कारण ज्याला सगळ्या संघांनी, स्वतःच्या संघानेही, सहा फेऱ्या वगळले, त्याचे श्रेय कोणी किती घ्यावे? मी ट्रे लान्सबद्दल विचारले असते. त्याच्यासाठी २०२१ मध्ये पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडीही (खेळाडू निवडण्याचे हक्कही) देऊन तिसरा क्रमांक मिळवला होता, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलस संघाला देऊन टाकले. चूक झाली हे कधी उमगले, त्या निवडीला कार्यालयात कोणाचा विरोध होता आणि तो माणूस आज कुठे आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे उमेदवाराने स्वतःच्या अशाच एखाद्या निर्णयाबाबत द्यावीत. जो उमेदवार ‘तो निर्णय सर्वांचा होता’ एवढेच सांगतो, त्याला मी चहा पाजून निरोप देईन.

टोपीखालचा हिशेब
वरच्या मुद्द्याला एक जोड. चांगला खेळाडू निघाला की त्याला ‘मीच शोधले’ म्हणणारे अनेक निघतात, म्हणून उमेदवाराने त्या वेळी स्वतः लिहिलेले अहवाल, विशेषतः संघाने न घेतलेल्या खेळाडूंचे, मागवावेत. पण डोळा तयार असणे पुरेसे नाही. २०२५ मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा, २७.९२ कोटी डॉलर होती आणि त्या मर्यादेत ५३ जणांचा संघ बसवावा लागतो. ईगल्स संघाचे जनरल मॅनेजर हाउई रोझमन कायद्याचे पदवीधर. ते या हिशेबातूनच वर आले, २०१५ मध्ये प्रशिक्षक चिप केली यांच्यासाठी बाजूला सारले गेले आणि परत आल्यावर त्यांनी दोन सुपर बोल जिंकले. उमेदवारासमोर आपल्याच संघाचे करार ठेवावेत आणि कोणते मोडाल, ते विचारावे.

रेव्हन्सप्रेमी
पद मिळण्याआधी माणूस ते काम करत होता का, हेही पाहावे. ऑझी न्यूसम २००२ मध्ये रेव्हन्स संघाचे जनरल मॅनेजर झाले, पण १९९६ च्या पहिल्या फेरीत जॉनथन ऑग्डन आणि रे लुईस हे पुढे गाजलेले दोघे निवडले गेले, तेव्हाही ती जबाबदारी त्यांचीच होती.

मिशिगनकर
लान्सचा प्रश्न पटला. तरी एक शंका उरते: खेळाडूंबाबत शेवटचा शब्द जर प्रशिक्षकाचा किंवा मालकाचा असेल, तर हे सगळे प्रश्न उमेदवाराला विचारण्याआधी मालकालाच विचारायला नकोत का?