मदत हवी आहे: पुरात आयसीयूतून आधी कोणाला हलवायचं?

नमस्कार मंडळी, मी सांगलीत नदीजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, आमचा जनरेटर अजून तळमजल्यावरच आहे आणि २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. २०२१ च्या जुलैत चिपळूणला कोविड हॉस्पिटलात पाणी शिरलं, लाईट गेली, ८ पेशंट गेले, तेव्हापासून पावसाळा आला की पोटात गोळाच येतो. जनरेटर वर चढवा म्हणून मी मागे लागलेय, पण खरा प्रश्न वेगळाय. बोट एक आणि व्हेंटिलेटरवर चार जण, तर आधी कोण?

२००५ ला कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या मेमोरियल हॉस्पिटलात, ज्यांच्या फाईलवर सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून ते परत सुरू करायचा प्रयत्न) नको असं लिहिलेलं त्यांना सगळ्यात शेवटी ठेवलं, नंतर तिथून ४५ मृतदेह निघाले. सीपीआर नको म्हणजे वाचवूच नका असं थोडीच असतं? रात्री दोनला अंधारात हे एकट्या सिस्टरवर पडू नये हो.

कोणाच्या हॉस्पिटलात असा क्रम लेखी ठरलाय का, कोणी ठरवला, नातेवाईकांना ॲडमिशनच्या वेळीच सांगता का? आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) दाबत पेशंट जिन्याने वरच्या मजल्यावर न्यायची प्रॅक्टिस कशी घेता, तेही सांगा प्लीज.