मदत हवी आहे: जोडीचर्चेत एकाच मुलाचं उत्तर सगळे उचलतात

बीएस्सी प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत वापरतेय: संकल्पनेवरचा प्रश्न, प्रत्येकाचं स्वतंत्र मत, शेजाऱ्याशी चर्चा, पुन्हा मत. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चा घ्यायची, हेही पाळते.

अडचण चर्चेत येते. ‘ट्रक आणि स्कूटरची टक्कर झाली, जास्त बल कोणावर?’ यावर पहिली मतं छान विभागली जातात. मग बाकावरचा हुशार मुलगा बोलतो आणि बाकीचे आपलं मत बदलतात. कारण विचारलं की गप्प! त्यांना ‘समान बल’ पाठ होतं, पण स्कूटरचंच नुकसान जास्त का, हे सांगता येत नाही. मला तर तेच हवंय.

हात वर करण्याऐवजी अ-ब-क-ड कार्डं आणली, त्याने पहिली फेरी सुधारली. जागा बदलून पाहिल्या, आठवडाभरात पुन्हा तेच. वर्गात नव्वद मुलं, बाक जमिनीला ठोकलेले, तास ४८ मिनिटांचा, मोबाइलला बंदी. बरीच मुलं मराठी माध्यमातली, त्यामुळे चर्चा मराठीतच होते. गुण देण्याची मुभा नाही.

चर्चेआधी कारण एका ओळीत लिहून घेतलं तर फरक पडतो का? एवढ्या मोठ्या वर्गात कुणी केलंय का, आणि वेळ कसा बसवलात?