नाजूक तब्येत हेच लस देण्याचं कारण

‘मुलीला दमा आहे, तब्येत आधीच नाजूक, मग फ्लूची लस कशाला?’ असं काही पालक विचारतात. अहो, नाजूक आहे म्हणूनच द्यायची! दमा, जन्मजात हृदयविकार, मधुमेह, किडनीचे आजार असलेल्या मुलांना फ्लू झाला तर न्यूमोनियापर्यंत जायला वेळ लागत नाही. इंजेक्शनच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिने फ्लू होत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस कणकण येईल, इतकंच.

नाकात फवारायची लस मात्र वेगळी. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. छातीत घरघर होणाऱ्या लहानग्यांना किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्यांना ती सहसा देत नाहीत. डॉक्टरांना चालू औषधांची चिठ्ठी दाखवाच, विशेषतः ॲस्पिरिन चालू असेल तर.

लोक हमखास विसरतात तो दुसरा डोस. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस देताना किमान 4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नंतर दरवर्षी एक, कारण विषाणू रूप बदलत राहतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ही लस देता येत नाही. तिथे घरातल्या मोठ्यांनी टोचून घ्यायची.