‘पॉलिसी साइटवर आहे, वाचा’ म्हणे!

वीस_तारीख (जळगाव)
काल आपल्या जिल्ह्याच्या ग्रुपवर एका नेट कंपनीच्या माणसाने ठणकावून लिहिलं, "आमची नेटवर्क मॅनेजमेंट पॉलिसी पूर्ण पारदर्शक आहे, साइटवर टाकलेली आहे, ग्राहक वाचत नाहीत त्याला आम्ही काय करणार?" त्याला ऐंशी अंगठे. उत्तर द्यायला गेले तर कमेंट बंद. म्हणून इथे.

भाऊ, मी वाचली आहे. रात्री साडेअकराला, चहा घेऊन. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. पहिली नऊ पानं मी काय काय करायचं नाही त्याची. दहाव्या पानावर कामाचं एकच वाक्य: गर्दीच्या वेळी कंपनी आपल्या अधिकारात ट्रॅफिकचं ‘योग्य ते नियोजन’ करू शकते. किती वाजता? कोणत्या ट्रॅफिकचं? मग माझ्या वाट्याला उरतं किती? काहीच नाही. लग्नपत्रिकेत ‘विवाह योग्य वेळी, योग्य ठिकाणी’ असं छापावं तसं.

माझं काम जीएसटीचं. २० तारखेला ३बी, म्हणजे महिन्याचे जीएसटी रिटर्न, भरायचे असतात. संध्याकाळी सात ते दहा पोर्टलचं चक्र गोल गोल फिरत बसतं आणि शेजारच्या खोलीत सासरे त्याच वायफायवर यूट्यूबचं कीर्तन ऐकतात, ते एकदाही अडकत नाही. फोन केला की तिकडचा पोरगा म्हणतो, "मॅडम, स्पीडटेस्ट लावा." लावली, ९४ एमबीपीएस आली. "बघा, आमच्याकडून ओके." मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, पोर्टल उघडलं.

ट्राय म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था. तिने ३१ ऑक्टोबर २०१६ च्या आदेशात स्पष्ट सांगितलंय: डेटाची मर्यादा किती, तोपर्यंत वेग किती, संपल्यावर किती, हे ग्राहकाला कळवा. ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की मेसेज करा. घरच्या लाइनला मर्यादा संपल्यावरही ५१२ केबीपीएसच्या खाली जायचं नाही. माझ्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनला ३३०० जीबीची मर्यादा आहे हे मला तीन वर्षांनी त्याच पीडीएफमध्ये कळलं. याला पारदर्शक म्हणायचं असेल तर आमच्या गच्चीवरची टाकीही पारदर्शक आहे, झाकण उघडून वाकून बघितलं की तळ दिसतो.

केबल_चोपडा
ताई, २० तारखेला संध्याकाळी जीएसटीचं पोर्टल कोणाच्या बापाचं चालतं? ते आधी सांगा.

वीस_तारीख
हॉटस्पॉटवर चाललं, हे लिहिलंय वर. तुम्हीही पूर्ण न वाचता अंगठा देणाऱ्यातले दिसता.

केबल_चोपडा
बरं, वाचलं. आता माझं ऐका. मी कंपनी नाही, फ्रँचायजीवाला आहे. आधी डिश होती, मग केबल, आता फायबर. वरून लिंक घेतो, गावात वाटतो. तुमची ती पॉलिसी मला कोण समजावतं? मलाही तीच पीडीएफ येते.

हिशोब उघडच सांगतो. एका पॉन पोर्टला, म्हणजे जिथून घराघरांत फायबर वाटलं जातं तिथे, अडीच जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस. त्यावर ६४ घरं. सगळ्यांनी एकदम ओढलं तर घरटी ३९. आणि मी विकतो १००. पण ६४ जण एकदम कधी ओढतच नाहीत. सातचं जेवण, आठची मालिका, नऊला कोणी झोपलेलं, कोणी ओट्यावर गप्पा मारत. मॅचचा दिवस सोडला तर कोणाला काही कळतही नाही. म्हणून पावतीवर लिहितो, १०० एमबीपीएसपर्यंत. ‘पर्यंत’ लिहिलंय ना? मग खोटं कुठे आहे?

वीस_तारीख
‘पर्यंत’ या शब्दावर तुमचा अख्खा धंदा उभा आहे. मीही क्लायंटला सांगू का, रिटर्न २० तारखे‘पर्यंत’ भरेन, दंड लागला तर शब्द वाचा?

नवती_पिलबाग (रावेर)
ताईंनी नेमकं दुखरं बोट दाबलं. आमच्या केळीचंही हेच. रोज संध्याकाळी मोबाइलवर भाव येतो. नवती (नव्या लागवडीची) इतके, पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांची) इतके, वापसी (नाकारलेला हलका माल) इतके. एकदम पारदर्शक! परवा नवतीचा भाव १८०० जाहीर होता. घड कापून ठेवलेले, गाडी बांधावर उभी. व्यापारी म्हणतो, १३५० देतो. का? "माल हलका आहे." कापायच्या आधी हाच माल त्याने बागेत फिरून बघितला होता. कापलेली केळी किती दिवस ठेवणार? दिली. जाहीर भाव म्हणजे तुमचा १०० एमबीपीएस. हातात येतो तो ३९.

भुसावळ_सिग्नल
मी रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉमला होतो, निवृत्त आहे. दोन्ही बाजू अर्धवट बोलत आहेत म्हणून लिहितो.

एक. वीस_तारीख यांचं यूट्यूब चालतं आणि पोर्टल अडतं, त्याचा अर्थ कंपनी पोर्टल दाबते असा नाही. यूट्यूबसारख्यांचे कॅश सर्व्हर, म्हणजे व्हिडिओंच्या प्रती साठवणारी मशीनं, कंपन्यांच्या नेटवर्कच्या आतच बसवलेले असतात. सासऱ्यांचं कीर्तन बहुधा तिथूनच येतं, ते पुढे जातच नाही. पोर्टलची मागणी मात्र कंपनीच्या बाहेरच्या लिंकवरून जाते आणि संध्याकाळी तीच लिंक भरलेली असते. स्पीडटेस्टचंही तसंच. अ‍ॅप जवळचा सर्व्हर निवडतं, तो बऱ्याचदा कंपनीच्याच घरात असतो. तुम्ही अंगणात पळून ९४ मोजलेत. गर्दी फाटकाच्या बाहेर आहे. पुढच्या वेळी सर्व्हर बदलून, दूरचा निवडून बघा.

दोन. नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे सगळ्या साइट्सना सारखंच वागवायचे, नियम २०१८ मध्ये सरकारने मान्य केले, त्यात ट्रॅफिकचं वाजवी नियोजन करायला परवानगी आहे. अट अशी की ते प्रमाणात हवं, तात्पुरतं हवं आणि पारदर्शक हवं. तिसरा शब्द सगळे सोयीने विसरतात. कॅश सर्व्हरचा प्रकार त्या नियमांच्या बाहेरच ठेवलेला आहे. म्हणजे कंपनी इथे नियम मोडत नाही, पण तुम्हाला सांगतही नाही.

तीन. एक लाइन किती घरांत वाटायची, याचं प्रमाण ट्रायने २००९ मध्येच सांगितलं होतं. घरगुतीला जास्तीत जास्त १:५०, धंद्याच्या कनेक्शनला १:३०. दर तिमाहीला ते आकडे साइटवर टाकायचेही सांगितलं होतं. मी अनेक साइट्स चाळल्या. सापडले तर मलाही दाखवा.

वीस_तारीख
म्हणजे मुद्दाम दाबत नव्हते. ठीक, एवढं मागे घेते. पण काका, तुम्ही दहा ओळींत सांगितलंत ते त्या चौदा पानांत का नाही? आणि त्या फोनवरच्या पोराला का माहीत नाही?

सावदा_ट्रक
नवती_पिलबाग, सोयीचं तेवढंच सांगता. जाहीर भाव चांगल्या मालाचा असतो. उन्हाने होरपळलेला, घडाला चट्टे पडलेला माल त्याच भावाने घेऊन दिल्लीला कोणाला विकायचा? रस्त्यात गाडी दोन तास उन्हात थांबली की निम्मा माल वापसी. तो तोटा तुम्ही भरता का?

नवती_पिलबाग
मग लिहा ना तसं! भाव १८००, पण असा माल असेल तर इतके कमी, तसा असेल तर तितके. काट्यावर पाटी लावा. आम्ही वाचू. पाटीवर एक आणि तोंडात दुसरं, हे चालायचं नाही.

सावदा_ट्रक
पाटी लावली की प्रत्येक जण म्हणेल माझा माल पहिल्या नंबरचा. तुमचा स्वतःचा माल तुम्ही कधी दुसऱ्या नंबरचा म्हटलाय?

नवती_पिलबाग
तुमच्या काट्याला मी कधी पहिल्या नंबरचा म्हटलंय?

भुसावळ_सिग्नल
धागा इंटरनेटचा आहे.

नवती_पिलबाग
काका, धागा पारदर्शकतेचा आहे. केळी त्यात बसते. आणि बागेत कॅमेरे लावलेत, तेव्हा इंटरनेटही आलं. वायर चोरीला जायची म्हणून चार कॅमेरे लावले, त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर जुना. पुण्याहून पोरगा बघणार होता. दिसेचना. दोन महिने त्याने डोकं आपटलं. शेवटी कळलं, कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, बसवते, बाहेरून आत यायला वाटच नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतःचा कायमचा पत्ता, हवा तर वेगळे पैसे. कनेक्शन घेताना कोणी बोललं होतं? चकार शब्द नाही.

केबल_चोपडा
बागेत लाइन टाकायला आलेल्या पोराला तुम्ही डीव्हीआरचं सांगितलं होतं का?

नवती_पिलबाग
त्याने विचारलं होतं का?

पारोळा_बोरी
भो, तुम्हना फॉर्म मराठीमा का इंग्रजीमा, आम्हले काय फरक पडस? लाइन चालू ऱ्हायनी पाहिजे बस. आठ दिनपासून लाल लाइट शे.

वीस_तारीख
पारोळा दादा, आठ दिवस बंद असेल तर बिलात सूट मागा. तीन दिवसांच्या वर फॉल्ट राहिला तर भाड्यातून सूट द्यायची असा नियमच आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला का? त्याशिवाय पुढे कोणी ऐकत नाही.

पारोळा_बोरी
डॉकेट काय ऱ्हास ताई, तो फोनच उचलस नही.

केबल_चोपडा
हे मात्र लागलं. पारोळा माझ्याकडे नाही, पण एक सांगतो. महिन्यात पाच वेळा जेसीबी फायबर तोडतो. कोणी रस्ता करतो, कोणी पाण्याची पाइप टाकतो, कोणी गटार. खणण्याआधी एक फोन कोणी करत नाही. तुटलं की रात्री दीडला टॉर्च तोंडात धरून स्प्लायसिंग, म्हणजे तुटलेलं फायबर जोडायला, मी बसतो. वरून तुमचं ट्रायचं कलम. साहेब लोक एसीत बसून नियम लिहितात, इथे मे महिन्यात ४५ डिग्रीत पोलवर चढून बघा.

वीस_तारीख
त्रास आहे, मान्य. पण जेसीबीचं आणि तुम्ही आकडा न सांगण्याचं काय नातं?

केबल_चोपडा
सांगतो नातं. आणि हे ऐकून बोला. एका गल्लीत मी प्रामाणिकपणा केला होता. पत्रकावर छापलं, ‘दिवसा १००, संध्याकाळी ७ ते ११ मध्ये ४० ते ६० मिळेल’. आठवड्यात दुसऱ्या पार्टीने त्याच गल्लीत पत्रक वाटलं, ‘२४ तास १०० गॅरंटी’. माझे ३७ कनेक्शन गेले. त्याची लिंक माझ्यापेक्षा बारीक होती, हे मला माहीत, त्याला माहीत. गिऱ्हाइकाला माहीत नव्हतं. सहा महिन्यांनी त्यातले अकरा परत आले, बाकीचे अजून त्याला शिव्या देत तिथेच आहेत, कारण वर्षाचे पैसे आगाऊ भरलेत. आता सांगा, पुढचं पत्रक मी काय छापू?

वीस_तारीख
हे पटलं. मनाविरुद्ध, पण पटलं.

पण यातूनच माझा मुद्दा उभा राहतो, दादा. तुम्ही एकट्याने खरं सांगितलं म्हणून मार खाल्लात. सगळ्यांना एकाच साच्यात सांगणं सक्तीचं असतं तर त्याला ‘गॅरंटी’ छापता आली नसती. अमेरिकेत एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना असं लेबल लावावं लागतं, बिस्किटाच्या पुड्यावर असतं तसं. नेहमी मिळणारा वेग, लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ), किंमत, डेटाची मर्यादा, आणि नेटवर्क मॅनेजमेंटची लिंक. एका चौकटीत.

केबल_चोपडा
आली अमेरिका! ताई, तिथे केळी अख्ख्या देशाला बाहेरून आणावी लागते. ते लेबलच लावणार.

नवती_पिलबाग
😂 आणि आमची त्यांना पाठवा म्हटलं तर म्हणतात माल हलका.

धडगाव_मास्तर
तुमचं भांडण वाचून बरं वाटलं. १०० चे ३९ होतात म्हणून रडता. आमच्या पाड्यावर ऑनलाइन हजेरी भरायला मी मोटरसायकलवर चढाला जातो, तिथे एका सागाखाली दोन कांड्या दिसतात. कंपनीच्या नकाशात मात्र आमचं गाव कव्हरेजच्या गडद रंगात आहे. चौदा पानं नाहीत, एकच चित्र आहे, आणि तेही खोटं.

वीस_तारीख
मास्तर, यावर वेगळा धागा काढा. पहिली कमेंट माझी.

भुसावळ_सिग्नल
वीस_तारीख, तुमच्या प्रकरणात करता येण्यासारखं सांगतो. आधी कंपनीकडे तक्रार, डॉकेट नंबर. समाधान नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे. ट्राय एकेकट्याची तक्रार सोडवत नाही, तिकडे लिहून वेळ घालवू नका. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोग ऐकू शकतो, हे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय. आणि २० तारखेच्या संध्याकाळी एकाच वेळी दोन चाचण्यांचे स्क्रीनशॉट घ्या, एक कंपनीच्या सर्व्हरची, एक बाहेरच्या. फरक कागदावर दिसू दे.

केबल_चोपडा
काका, तुम्ही आमच्या पोटावर पाय आणता आहात.

भुसावळ_सिग्नल
मी ३१ वर्षं लाल-हिरवा सांभाळला. पुढची लाइन मोकळी नसेल तर हिरवा दाखवायचा नाही, एवढंच येतं मला.

सावदा_ट्रक
गाडीही तासतास उशिरा आणता आणि बोर्डावर ‘वेळेवर’ लिहिता. ते कोणतं मॅनेजमेंट?

भुसावळ_सिग्नल
बोर्ड आमच्या खात्याकडे नव्हता.

केबल_चोपडा
हाहाहा. बघितलं? प्रत्येकाचा बोर्ड दुसऱ्याच खात्याकडे.

बरं ताई. चोपड्यातल्या माझ्या पावतीच्या मागची बाजू कोरी असते. पुढच्या महिन्यापासून हे छापतो, मराठीत:
‘वेग १०० एमबीपीएसपर्यंत. संध्या. ७ ते ११ मध्ये ४० ते ६०. महिना ३३०० जीबीनंतर वेग कमी. बाहेरून कॅमेरा बघायचा असल्यास आधी विचारा.’
दुसरी पार्टी काय छापते ते तुम्ही बघा, आणि माझे गिऱ्हाईक पळाले तर तुमच्या ऑफिसात येऊन बसेन.

वीस_तारीख
या, चहा पाजते. दोन दुरुस्त्या. ‘वेग कमी’ म्हणजे किती, तो आकडा लिहा. आणि पहिल्या ओळीतला ‘पर्यंत’ काढा.

नवती_पिलबाग
आणि कॅमेऱ्याचं ‘आधी विचारा’ नको, ‘आधी सांगू’ लिहा.

केबल_चोपडा
आकडा वरून विचारून लिहितो, मला खरंच माहीत नाही. कॅमेऱ्याचं बदलतो. ‘पर्यंत’ राहील.

वीस_तारीख
का?

केबल_चोपडा
रात्री बोलू. धरणगाव रोडला जेसीबी लागलाय, फोन आला. निघतो.