एक फोटो, तीन फोल्डर: टॅग फोटोतच लिहावेत की वेगळा डेटाबेस करावा?

पंचवटीकर
नमस्कार. गोदाघाट, जुने वाडे आणि २००३ व २०१५ चे सिंहस्थ यांचे सुमारे अकरा हजार फोटो माझ्या डेस्कटॉपवर आहेत. त्यांतले बरेच वडिलांच्या अल्बममधून स्कॅन केलेले आहेत. पुरात कमरेपर्यंत बुडालेल्या दुतोंड्या मारुतीचा फोटो 'रामकुंड', 'पूर' की 'वडिलांचे अल्बम' यांपैकी कुठे ठेवावा हे ठरेना, म्हणून त्याच्या तीन प्रती केल्या आणि आता त्यांतली रंग दुरुस्त केलेली कोणती, हेच कळत नाही. टॅग फोटोतच लिहावेत की एसक्यूलाइटमध्ये (एकाच फायलीत मावणाऱ्या छोट्या डेटाबेसमध्ये) तक्ता करावा?

नाशिकरोडकर
फोटोतच लिहावेत. जेपेग आणि टिफ या दोन्ही प्रकारांत एक्सएमपी माहिती (टॅग, तारीख अशा नोंदी ठेवण्याची ठरलेली पद्धत) आत साठवता येते, त्यामुळे फोटो पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर गेला तरी टॅग सोबत जातात. डिजीकॅम हा फोटो सांभाळण्याचा प्रोग्राम शोधासाठी स्वतःचा डेटाबेस ठेवतो. पण टॅग फायलींत लिहिण्याची सोय चालू ठेवली असेल, तर तो बिघडला तरी टॅग फोटोंवरून परत मिळतात. मात्र स्कॅनमध्ये नोंदलेली तारीख बहुधा स्कॅन केल्याची असते, म्हणून वडिलांच्या फोटोंची मूळ तारीख एक्झिफटूल या फोटोतल्या नोंदी बदलणाऱ्या प्रोग्रामने आधी घालून घ्यावी. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर ही माहिती वाटेतच गळते.

गंगापूररोड
थोडा मतभेद आहे. मी वाड्यांच्या नकाशांचा असाच तक्ता केला होता आणि फायलीचा पाथ (फोल्डरसकट पूर्ण पत्ता) हीच प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची ओळख, धरली होती. एका दिवाळीच्या सुट्टीत फोल्डरचे नाव बदलले आणि एकही नोंद जागेवर राहिली नाही. त्यानंतर पाथऐवजी प्रत्येक फायलीचा एसएचए-२५६ हॅश (फायलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) धरला, कारण नाव किंवा जागा बदलली तरी तो तोच राहतो. अडचण अशी की फोटोत एक टॅग लिहिला तरी हॅश बदलतो, म्हणजे वरचा सल्ला आणि ही पद्धत एकत्र नांदत नाहीत. म्हणून मूळ फोटोला हात न लावता टॅग शेजारच्या एक्सएमपी साइडकार फायलीत (फोटोसोबत ठेवलेल्या वेगळ्या छोट्या फायलीत) ठेवावेत आणि डेटाबेस त्यांवरून भरावा. त्यात फायली, टॅग आणि त्यांची जोडणी असे तीन तक्ते असले की एका मारुतीला हवे तितके टॅग लावता येतात. तुमच्या तीन प्रतींपैकी ज्या दोघींचा हॅश एकच निघेल त्यांतली एक निर्धास्त काढून टाका. वेगळी निघेल ती उघडून पाहा, बहुधा तीच दुरुस्त केलेली असेल.

पंचवटीकर
दोघांचेही आभार. साइडकार पद्धतीने चाळीस फोटो करून पाहिले. घाटाच्या तेवीस फोटोंना 'पायऱ्या' असा टॅग दिला होता, पण शोधल्यावर नऊच येतात. काही टॅग मी घरी दिले, काही मुलाच्या लॅपटॉपवर.

गंगापूररोड
दोन कीबोर्डांचा हा परिणाम असावा. 'ऱ्या' दोन प्रकारे टंकता येतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या 'र' ला हलन्त देऊन पुढे झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे चिन्ह येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसला ते वेगळे शब्द वाटतात आणि युनिकोडचे नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची ठरलेली रीत) त्यांना एक करत नाही. टॅग साठवण्यापूर्वी दुसरे रूप पहिल्यात बदलणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये घाला आणि शोधशब्दालाही तीच लावा.